एकाचं घर, पाच गावांचं सेंट्रिंग

या वेळी आलेल्या पत्रांत घरकुलाचे, म्हणजे सरकारी अनुदानातून बांधायच्या घराचे, प्रश्न सर्वाधिक होते. त्यांतून शेजारच्या गावांनी मिळून काय करता येईल, असं विचारणारी पत्रं इथे घेतली आहेत. वेगळं काही म्हटलेलं नसेल तिथे आकडे एकमजली, बाहेरून ५.९ × ४.३ मीटरच्या, ९ इंची भिंतींच्या दोन खोल्यांच्या घराचे आहेत.

प्रश्न : आमच्या लगतच्या पाच गावांत मिळून ४० घरकुलं मंजूर झाली आहेत. मूळ अनुदानाच्या १ लाख २० हजारांत घर पुरं होत नाही, म्हणून जो तो सळईत काटछाट करतोय. एकत्र खरेदी केली तर किती वाचेल? आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर येतात, मग एकत्र करायचं तरी कसं? – एक वाचक, औसा

उत्तर : पैसे एका खात्यात गोळा करू नका. तिथूनच भांडणं सुरू होतात. मागणीची यादी एक, ठरवलेला दर एक, पण बिल ज्याच्या त्याच्या नावावर आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातून, असं ठेवा. महाआवास अभियानात महिला बचत गटांची ‘घरकुल मार्ट’ अनेक तालुक्यांत याच कामासाठी सुरू झाली. तुमच्याकडे आहे का, याची चौकशी पंचायत समितीत आणि बचत गटांचं काम पाहणाऱ्या ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कक्षात करा. रोजगार हमीतली ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार घराच्या रकमेशिवाय वेगळे मिळतात. ते पदरात पाडून घेतल्याशिवाय हिशेबाला बसू नका.

आता बचतीचं. सिमेंटच्या दरात पोत्यामागे थोडीफार सूट मिळेल, पण खरा पैसा अडकतो सेंट्रिंगमध्ये, म्हणजे ओला स्लॅब खालून तोलणाऱ्या प्लेटा आणि टेकूंमध्ये. तुमच्या दोन खोल्यांच्या स्लॅबला ३ × २ फुटांच्या साधारण ४० प्लेटा लागतात. चाळीस घरांनी चाळीस वेळा भाड्याने आणल्या तर चाळीस वेळा गाडीभाडं पडतं. त्याहून वाईट म्हणजे भाडं रोजावर चालू असतं, म्हणून घरमालकालाच प्लेटा काढायची घाई होते. चौथ्या-पाचव्या दिवशी टेकू काढलेला स्लॅब मध्यात झुकतो. बारीक तडे जातात आणि दोन पावसाळ्यांनी त्याच तड्यांतून सळई गंजायला लागते. दोन भिंतींमधला गाळा साडेचार मीटरच्या आत असेल तर टेकू किमान ७ दिवस ठेवावेत, असं बांधकाम संहिता सांगते, पण ते साध्या सिमेंटसाठी. बाजारात आज बहुतेक राखमिश्रित पीपीसी मिळतं आणि ते सुरुवातीला सावकाश पकडतं. म्हणून १० दिवस धरा, थंडीत १२.

पाच गावांनी मिळून चार संच घेतले, विकत किंवा हंगामाच्या भाड्याने, तर हिशेब असा बसतो : ठोकायला २ दिवस, ओतायला १, उभे राहायला १०, काढून पुढच्या घरी न्यायला २. पंधरा दिवसांत एक घर. डिसेंबर ते मेच्या मध्यापर्यंत एका संचावर ११ घरं होतात, म्हणजे चार संचांत चाळीसही बसतात. अट एकच. ज्याच्या भिंती लिंटलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीच्या, वर आल्या, त्याचा नंबर आधी. नावाच्या चिठ्ठ्या टाकून नंबर लावले तर एखाद्याच्या अर्धवट भिंतीपाशी संच आठवडाभर पडून राहतो आणि मागचे सगळे खोळंबतात.

दुसरी बचत नकाशात आहे. पाचही गावांनी खोलीची आतली रुंदी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट ठेवली, तर दोन्हीकडे २० सेंटिमीटर टेकून स्लॅबची सळई बरोबर ३ मीटरची होते. १२ मीटरच्या एका सळईचे चार तुकडे, शिल्लक शून्य. रुंदी ९ फुटांची झाली की तीनच तुकडे निघतात आणि प्रत्येक सळईमागे अडीच मीटरचा तुकडा हातात राहतो. प्लेटाही मग सगळीकडे त्याच बसतात.

आता काटछाटीबद्दल. भूकंपात भिंती एकत्र धरून ठेवणारे काँक्रीटचे दोन आडवे पट्टे, एक जोत्याला आणि एक लिंटलला, घरभर सलग फिरवायला, ८ मिलिमीटरच्या दोन सळया आणि दर १५ सेंटिमीटरला ६ मिलिमीटरच्या आडव्या आकड्या धरून, पट्ट्यामागे ३० किलो लोखंड आणि साडेतीन पोती सिमेंट लागतं. चार कोपरे आणि मधल्या भिंतीची दोन टोकं इथल्या १० मिलिमीटरच्या सहा उभ्या सळयांचे आणखी १५-१६ किलो. म्हणजे सगळं मिळून ८० किलोच्या आत. अख्ख्या घराच्या खर्चात ही रक्कम लहान आहे, आणि नेमकी हीच वगळली जाते, कारण गिलाव्याखाली ती दिसत नाही. पट्टा साडेसात सेंटिमीटर जाडीचा असतो, पूर्ण बीम नव्हे, हे गवंड्याला आधीच सांगा. नाहीतर तो बीमचा भाव सांगतो आणि मालक पट्टाच रद्द करतो. स्लॅब थेट भिंतीवर बसत असेल तर वरचा तिसरा पट्टा लागत नाही. पत्र्याचं घर असेल तर लागतोच.

कोपऱ्यापाशी उभं राहून बघायची गोष्ट एकच : सळई वळली आहे की तुटली आहे. बाहेरची सळई काटकोनात वळून दुसऱ्या भिंतीत किमान ४० सेंटिमीटर जायला हवी आणि तिथे तिला पुढची सळई तारेने बांधलेली हवी. बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडच्या सळया कोपऱ्यापर्यंत आणून नुसत्या एकमेकींवर टेकवतात. असा पट्टा भूकंपाच्या धक्क्याला उपयोगाचा नाही. गोधडीची शिवण उसवावी तशी भिंत कोपऱ्यातून उसवते.

सिमेंट मात्र चाळीस घरांचं एकदम आणून ठेवू नका. एका घराला ९० ते १०० पोती लागतात, पण तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. पंधरा दिवसांपुरतंच आणा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब आणि दहापेक्षा उंच थप्पी न लावता ठेवा. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याचं राज्याचं धोरण आहे, पण वाहतूक आपली असते. पाच गावांनी तहसीलकडे एकत्र मागणी करून एकाच मार्गाने गाड्या लावल्या तर तिथेही वाचतं.

प्रश्न : आमचं घर आजोबांच्या काळातलं, दगड-मातीचं, वर मातीचं सपाट छत असलेलं माळवद आहे. भिंती अडीच फुटी. पाडून नवं बांधण्याची ऐपत नाही. हेच मजबूत करता येईल का? गावात अशी तीसेक घरं आहेत. – एक वाचक, निलंगा

उत्तर : येतं, आणि तीस घरं आहेत ही जमेची बाजू आहे, कारण हे काम एकदा शिकलेली टोळी घरोघर फिरवता येते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसली, पण त्याहून कितीतरी जास्त घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्याआधी हा पट्टा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा समजला जायचा.

अडीच फूट जाडी पाहून भिंत भक्कम वाटते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात : बाहेरचा दगडी थर, आतला दगडी थर, आणि मध्ये कपच्या नि मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारा दगड आरपार गेलेला नसतो. हादरा बसला की भर खाली बसते, थर बाहेर ढकलले जातात, भिंतीला पोट येतं आणि ती आडवी होते. त्यात वर मातीचं ओझं. २० चौरस मीटरच्या छतावर दीड फूट माती म्हणजे ९ घनमीटर, सुमारे १५ टन. दर पावसाळ्याआधी गळतीसाठी वर नवी माती टाकत गेल्याने ती पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली असते.

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. माती उतरवा. १५ ते २० सेंटिमीटर ठेवा आणि तिच्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, म्हणजे गळतीसाठी पुन्हा माती चढवावी लागणार नाही. माती दोन्ही बाजूंनी सारखी काढत आणा. एकीकडची सगळी आधी काढली तर तुळया एका अंगाला लोटतात.

दुसरं काम आरपार सांधे. भिंतीत आडवं-उभं साधारण मीटर-मीटर अंतरावर, वरच्या ओळीतलं भोक खालच्या दोहोंच्या मधोमध येईल असं, एकेक दगड पहारीने सैल करत आरपार भोक पाडा. घण घालू नका, आजूबाजूची भर ढासळते. भोक मध्ये ७५ मिलिमीटर आणि दोन्ही तोंडांशी रुंद, डमरूसारखं हवं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) बारीक खडीचं काँक्रीट दाबून भरा आणि दहा दिवस पाणी मारा. एका पोत्यात अशी तीसेक भोकं भरतात. शेजारशेजारची भोकं एकाच दिवशी पाडू नका.

तिसरं, लिंटलच्या वर भिंतीच्या आतून-बाहेरून २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीची वेल्डेड जाळीची पट्टी. जुना गिलावा काढून, दगडांमधल्या दरजा दोन सेंटिमीटर खोल उकरून, धुऊन, जाळी खिळ्यांनी बसवा, कोपऱ्यात फूटभर एकावर एक येऊ द्या आणि १:३ चा गिलावा दोन हातांत करा. दरजा न उकरता केलेला गिलावा जाळीसकट सुटून येतो.

तुमचं घर खणाचं असेल, म्हणजे छत लाकडी खांब-तुळयांवर असेल, तर खांब आणि तुळईच्या काटकोनात तिरपे आधार बोल्टने बसवा. भिंत कोसळली तरी छत खांबांवर तोलून राहण्याची आशा त्यानेच आहे. जिथे पोट आधीच आलं आहे, तिथे ही दुरुस्ती करू नका. छताला टेकू देऊन तेवढा तुकडा उतरवा आणि ४५ सेंटिमीटर जाडीत, १:६ च्या सिमेंट मालात पुन्हा बांधा. दर ६० सेंटिमीटर उंचीवर आणि लांबीत दर १.२ मीटरला एक आरपार दगड घाला.

प्रश्न : आमच्या बचत गटाला तीन गावांच्या घरकुलांवर देखरेख ठेवायची आहे. आम्ही कुणी इंजिनिअर नाही. गवंडी ऐकतील का? – एक महिला गट, उमरगा

उत्तर : तुमच्याच भागातल्या बायकांनी हे करून दाखवलं आहे. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगाव बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. पुढे २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या बायकांना आपला अनुभव सांगायला लातूर-उस्मानाबादकडच्या बायका गेल्या. इंजिनिअर महिन्यातून एकदा येतो, तुम्ही रोज असता. देखरेखीत किंमत त्या रोजच्या नजरेला आहे.

गवंडी ऐकतो तो मोजमापाला. हातात मीटर-टेप, ओळंबा आणि काचेची बाटली ठेवा. बाटलीत निम्म्यापर्यंत वाळू, वर चिमूटभर मिठाचं पाणी, जोरात हलवून तीन तास स्थिर ठेवा. वाळूवर गाळाचा वेगळा थर दिसतो. वाळू १० सेंटिमीटर आणि गाळ ८ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर ती गाडी धुतल्याशिवाय वापरू देऊ नका. काँक्रीट मिसळताना पोत्यामागे २५ ते २७ लिटर पाणी, म्हणजे मोजलेल्या बादल्या. माल पसरायला सोपा जावा म्हणून पाईप सोडून दिला की ताकद पाण्याबरोबर जाते. वीट लावण्याआधी पाण्यात बुडवलेली असावी, कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि माल भुकटी होऊन राहतो. दारं-खिडक्या आतल्या कोपऱ्यापासून ६० सेंटिमीटर दूर हव्यात. ही मापं लाल खडूने भिंतीवरच लिहून ठेवा, तारखेसकट.

तिन्ही गावांनी मिळून पहिलं घर एका गावात पूर्ण करा आणि बाकीच्या गवंड्यांना तिथे कामावर बोलवा. घरकुल योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि ते प्रत्यक्ष घर बांधतच दिलं जातं. ते तुमच्या पहिल्या घरावर घ्यावं, अशी मागणी पंचायत समितीकडे लेखी करा.

प्रश्न : निसर्ग वादळात वाडीतले जवळजवळ सगळे पत्रे उडाले. पुन्हा बसवले, पण दर मे महिन्यात धास्ती वाटते. वाडीने मिळून काय करावं? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने आलं. या वेगाला छतावरून जाणारा वारा चौरस मीटरमागे ७० किलोच्या घरात वर ओढतो, कडांना त्याहून जास्त. पत्र्याचं स्वतःचं वजन आहे चौरस मीटरला साडेचार किलो. म्हणजे पत्रा कशाने तरी खाली बांधलेला असावा लागतो आणि तो ज्याला बांधला तेही बांधलेलं असावं लागतं : पत्रा पाईपला, पाईप कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची भिंतीवरच्या पट्ट्याला, पट्टा भिंतीला. दुरुस्तीत बहुतेक वेळा पहिलाच सांधा नवा होतो. कैची मात्र चिऱ्यावर, म्हणजे भिंतीच्या जांभ्या दगडावर, नुसती टेकलेली आणि वर दोन चिरे ठेवलेले, अशीच राहते. मग पुढच्या वादळात पत्रे कैचीसकट जातात.

कैचीच्या प्रत्येक टोकाला १२ मिलिमीटरचा बोल्ट पट्ट्यात घालून खाली भिंतीत किमान दोन फूट जाऊ द्या. जे-हूक ८ मिलिमीटरचे, जस्ताचा मुलामा दिलेले, पत्र्याच्या उंचवट्यावर, खाली रबरी वायसर. आढं, पागोळीची कड आणि दोन्ही टोकं इथे एक उंचवटा सोडून एक, मध्ये दोन सोडून एक. कडेचे पाईप पाऊण मीटरवर घ्या. उतार २२ ते ३० अंशांचा ठेवा, सपाट छत जास्त ओढलं जातं.

कोकणच्या पावसाला लांब पागोळी हवी आणि वाऱ्याला ती नको, ही खरी अडचण आहे. मुख्य छप्पर भिंतीबाहेर दीड फुटावर थांबवा आणि पडवीचं छप्पर वेगळ्या खांबांवर, खालच्या पातळीला, मुख्य छपराला न जोडता घ्या. पडवी उडाली तरी घर राहतं.

वाडीने मिळून करायचं ते हे : हूक-वायसर एकत्र घ्या आणि दोन माणसं कायमची तयार करा, जी पावसाळ्याआधी आगोटीच्या कामांत घरोघर चढून प्रत्येक हूक हाताने फिरवून बघतील. खाऱ्या हवेत वायसर आधी जातो, मग भोक मोठं होतं, मग हूक आतून गंजतो. वरून पाहून यातलं काही कळत नाही. चिऱ्याचं नवं काम असेल तर खाणीतून ताजा चिरा आणून लगेच लावू नका. तो मऊ असतो. उघड्यावर दोन-तीन महिने राहिला की कडक होतो आणि कच्चा तुकडा आधीच फुटून वेगळा पडतो. वाडीने मिळून हंगामाआधीच गाड्या आणल्या तर ही वाट पाहणं परवडतं.

प्रश्न : काळ्या मातीत जोतं दरवर्षी भेगाळतं, त्यात २०१९ ला पुराचं पाणी घरात होतं. नवं घर कसं बांधावं? – एक वाचक, शिरोळ

उत्तर : आधी जागा कुठल्या पूररेषेत येते ते पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत असाल तर घरावर खर्च करू नका, दुसऱ्या जागेसाठी प्रयत्न करा. भूमिहीन घरकुल लाभार्थ्याला जागा घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत मदत आहे. चार-पाच जणांनी मिळून उंचावरचा एक तुकडा घेतला तर रस्ता आणि पाण्याचा खर्च वाटला जातो.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. ही हालचाल वरच्या साडेतीन मीटरांत असते, म्हणून पाया त्याखाली टेकवायचा. २५ सेंटिमीटर व्यासाचं भोक साडेतीन मीटर खोल आणि तळाशी अडीचपट रुंद फुगा, असे फुग्याचे खांब साधारण दोन-दोन मीटरवर, तुमच्या घराला बारा. काँक्रीट पावणेतीन घनमीटर, म्हणजे २२-२३ पोती. हाताने फिरवायचं गिरमिट आणि फुगा कापायचं पातं एका घरासाठी घेणं महाग पडतं, पण चार गावांत एक संच पुरतो. जोत्याचा बीम मातीवर टेकू देऊ नका, खाली ८ सेंटिमीटरची पोकळी सोडा. ही पोकळी राहिली नाही तर फुगलेली माती बीमच वर उचलते आणि खांबांचा सगळा खर्च वाया जातो.

पुरासाठी : मातीच्या मालात भिंत नको, स्लॅब हवा आणि त्यावर जाणारा जिना बाहेरून हवा. विजेचा बोर्ड २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर.

प्रश्न : तीन गावांनी मिळून मातीच्या विटा दाबायचं यंत्र घ्यावं का? – एक वाचक, आजरा

उत्तर : यंत्राआधी माती तपासा. लाल किंवा मुरमाड, १५ ते २५ टक्के चिकण असलेली माती चालते. काळी चालत नाही. हाताच्या यंत्रावर पाच-सहा जणांची टोळी दिवसाला चारशे-पाचशे विटा काढते. २३ × १९ × १० सेंटिमीटरच्या वजनदार विटा घराला सुमारे २,८५० लागतात, म्हणजे सहा-सात दिवसांचं काम. सात टक्के सिमेंट धरलं तर पोत्याला ८५ विटा, घराला ३४ पोती. विटा सावलीत, गोणपाटाखाली, २१ दिवस ओल्या राहायला हव्यात. उन्हात वाळवलेल्या विटेचे कोपरे बोटाने सुटतात. वर्षाला तिन्ही गावांत मिळून पंधरा-वीस घरंही होत नसतील तर यंत्र विकत घेऊ नका, भाड्याने आणा. घेण्याआधी आपल्याच मातीच्या दहा विटा दुसऱ्याच्या यंत्रावर काढा, २१ दिवसांनी त्यातल्या पाच २४ तास पाण्यात बुडवा आणि मग हाताने दाबून बघा.